पुढची गोळी द्यायची की थांबवायची? पाळीव प्राण्यांच्या औषधांचे घातक दुष्परिणाम वेळेत ओळखण्यासाठी

रात्री अकराच्या सुमारास आमच्या कुत्रीने, चिंगीने, दाराजवळच्या पायपुसण्यावर शी केली. नऊ वर्षांत तिने घरात कधी घाण केली नव्हती, त्यामुळे आधी तिचीच दया आली. मग दिवा लावला. शी काळीकुट्ट होती, डांबरासारखी चिकट आणि चकाकणारी. पांढऱ्या कागदाने पुसायला गेले तर डागाच्या कडेने लालसर ओल पसरत गेली. तिचा ओठ वर करून पाहिला, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या दिसत होत्या.

पाय दुखतो म्हणून चार दिवसांपूर्वी तिला पेनकिलर सुरू झाली होती. त्याच्या नऊ दिवस आधी, दुसऱ्या दवाखान्यात, खाजेसाठी एक इंजेक्शन दिलं होतं. ते जास्त दिवस अंमल टिकणारं स्टेरॉइड होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पायासाठी गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "सध्या काही औषध चालू आहे का?" मी "नाही" म्हणाले. घरी आम्ही काहीच देत नव्हतो, मग दुसरं काय सांगणार? पण स्टेरॉइड आणि पेनकिलर शरीरात एकत्र आली की पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी होतं, अल्सर होऊन त्यातून रक्त वाहू लागू शकतं. चिंगी पाच दिवस दवाखान्यात होती. ती वाचली.

औषधं देऊच नका, असं मी म्हणणार नाही. अशाच पेनकिलरवर कितीतरी म्हातारी कुत्री पुन्हा जिना चढू लागतात. पण औषध सुरू करतानाच तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी: काही बिघडलं तर या औषधाचा पुढचा डोस थांबवायचा की चालू ठेवायचा? काही औषधं वेळेत थांबवली तर जीव वाचतो, काही अचानक थांबवली तर तेच जिवावर बेततं. चौथी गोळी हातात घेऊन मी उभी होते तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आणि मी ती दिली.

१. दवाखान्यात जाण्याआधी यादी करा

डॉक्टरांकडे जाताना या गोष्टी बरोबर असू द्या:

- गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट
- दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचं नाव आणि तारीख
- पिसवा-गोचिडांसाठी लावलेलं किंवा खायला दिलेलं औषध, कानातले-डोळ्यातले थेंब, मलमं, सांध्यांची पावडर, घरगुती उपाय
- अलीकडचं वजन
- पूर्वी कुठल्या औषधाने त्रास झाला असेल तर त्याचं नाव

"औषध चालू आहे का" या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊ नका, यादीच पुढे करा. इंजेक्शन आणि मानेवर टाकायचे थेंब आपण सहसा औषधात धरत नाही, आणि नेमकं तेच सांगायचं राहतं. दवाखाना बदलला असेल तर आधीच्या डॉक्टरांकडून इंजेक्शनचं नाव लिहून मागा. "खाजेचं इंजेक्शन" एवढ्यावरून पुढच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही.

२. औषध घेऊन बाहेर पडण्याआधी हे विचारा

आधी औषधातल्या घटकाचं नाव विचारा. डब्यावरचं, कंपनीने दिलेलं नाव पुरत नाही, कारण एकच घटक दोन वेगळ्या नावांनी विकला जातो आणि दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांमुळे तोच घटक दुप्पट पोटात जाऊ शकतो.

मग डोस. पातळ औषध असेल तर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या. मेलॉक्सिकॅम या पेनकिलरचं कुत्र्यांसाठीचं पातळ औषध एका मिलिलिटरमध्ये १.५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि मांजरांसाठीचं ०.५ मिलिग्रॅमचं. घरात कुत्रं आणि मांजर दोन्ही असतील आणि बाटली बदलली, तर मांजराला तिप्पट औषध जातं. इन्शुलिनच्या सिरिंजचंही असंच आहे. यू-४० आणि यू-१०० या सिरिंजांवरच्या रेघा वेगवेगळ्या हिशोबाच्या असतात, त्यामुळे बाटलीवर जो आकडा, तीच सिरिंज हवी.

औषध खाण्याबरोबर द्यायचं की उपाशीपोटी, उलटीत गोळी पडली तर पुन्हा द्यायची का, सुरू करण्याआधी रक्ततपासणी लागेल का, आणि पुढची कधी, हेही विचारून घ्या. बरेच दिवस पेनकिलर द्यायची असेल तर मूत्रपिंड आणि यकृत आधी कसं आहे हे तपासणं महत्त्वाचं आहे, वय झालेल्या प्राण्यात तर नक्कीच. ही तपासणी मी दोनदा टाळली होती. तुम्ही टाळू नका.

शेवटी हे दोन प्रश्न, आणि त्यांची उत्तरं चिठ्ठीवरच लिहून घ्या: "काय दिसलं तर मी लगेच फोन करू?" आणि "काही वाटलं तर पुढचा डोस थांबवू का?"

३. तुमचा प्राणी धोक्याच्या गटात आहे का, ते पाहा

मांजर म्हणजे लहान आकाराचं कुत्रं, असा हिशोब औषधात चालत नाही. मांजराचं यकृत काही औषधं नीट फोडू शकत नाही. पॅरासिटामॉल हे त्यातलं सर्वांत ठळक. मांजरात ते रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. माणसाची एक साधी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळायला हवा.

परमेथ्रिन हे कुत्र्याच्या गोचिडांसाठी अंगावर टाकायच्या काही थेंबांत असतं. मांजराला ते विष आहे: अंग थरथरतं, मग फिट येतात. औषध मांजराला दिलेलंच असायला हवं असं नाही. नुकतेच थेंब टाकलेल्या कुत्र्याला बिलगून मांजर झोपलं तरी पुरतं. थेंब घेताना "घरात मांजरही आहे" हे सांगाच.

एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मांजराला दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त गेलं तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन कायमचं आंधळेपण येऊ शकतं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी मांजराच्या घशाखाली कोरडी ढकलली तर ती अन्ननलिकेत चिकटून राहते, तिथे जखम होते आणि पुढे नळी आवळली जाते. गोळीनंतर लगेच सिरिंजने ५-६ मिलिलिटर पाणी हळूहळू पाजा, किंवा थोडं ओलं खाणं द्या. डायझेपाम हे शांत करणारं औषध पोटातून दिल्यावर काही मांजरांचं यकृत अचानक निकामी झालं आहे. मेलॉक्सिकॅम वारंवार दिल्याने मांजरात मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०१० साली त्याच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. काही देशांत ते मांजराला अगदी कमी डोसमध्ये जास्त दिवसही देतात, म्हणून इथे डोस थेंबाथेंबाने मोजायचा.

कुत्र्यांत जात महत्त्वाची ठरते. कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग अशा मेंढ्या राखणाऱ्या जातींतल्या अनेक कुत्र्यांत एमडीआर१ नावाच्या जनुकात बिघाड असतो. मेंदूत शिरलेलं औषध बाहेर फेकणारा पंप त्यांच्यात काम करत नाही. म्हणून खरजेसाठी जास्त डोसमध्ये दिलेलं आयव्हरमेक्टिन किंवा जुलाबावरचं लोपेरामाइड त्यांच्या मेंदूत साचतं: तोल जातो, दिसेनासं होतं, लाळ गळते, शुद्ध हरपते. हा बिघाड २००१ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सापडला, आणि आता गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर त्याची तपासणी होते. मिश्र जातीच्या कुत्र्यातही तो असू शकतो. डोबरमनमध्ये सल्फा गटातल्या अँटिबायोटिकने सांधे सुजणं आणि ताप येणं जास्त दिसतं.

पिसवा-गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांचंही सांगते, कारण त्या औषध म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाहीत. फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर आणि लोटिलानर या गटाबद्दल एफडीएने २०१८ साली सूचना काढली: काही प्राण्यांत थरथर, तोल जाणं आणि फिट दिसू शकतात, आधी कधीच फिट न आलेल्या प्राण्यांतही. बहुतेकांना काही होत नाही. पण तुमच्या कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर ती गोळी देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.

माणसांसाठीचं पातळ औषध प्राण्याला लिहून दिलं असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का, हे औषधाच्या दुकानात वाचून घ्या. गॅबापेंटिनच्या काही पातळ औषधांत ते असतं. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने उतरते, आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

४. पहिल्या डोसआधीचं "नेहमीचं" लिहून ठेवा

घाई नसेल तर औषध सुरू करण्याआधी एक दिवस या नोंदी करा. वहीचं एक पान पुरतं.

पाणी मोजा: सकाळी मोजून भांडं भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. कुत्रं दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरहून जास्त पाणी पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. मांजरात ५० च्या पुढे गेलं तरी लक्ष द्या. गाढ झोपेत असताना छातीचे श्वास मिनिटभर मोजा. कुत्रं असो की मांजर, झोपेतले श्वास ३० च्या आत असायला हवेत. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काही प्राण्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आतली बाजू पाहा. शीचा आणि हिरडीचा फोटो काढून ठेवा.

पहिला डोस सकाळी द्या, आणि तुम्ही घरी असाल अशा दिवशी. आम्ही चिंगीला गोळी रात्री द्यायचो आणि झोपायचो. त्यानंतरच्या आठ तासांत तिला काय झालं, हे पाहायला कुणीच जागं नसायचं.

५. काय सोसण्यासारखं आहे आणि कशासाठी धावायचं

दुष्परिणाम कधी दिसेल ते औषधावर अवलंबून असतं. ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत उठते. पेनकिलरने पोटाला होणारी इजा सहसा काही दिवसांत कळते. कार्प्रोफेन या पेनकिलरने काही कुत्र्यांच्या यकृताला होणारी इजा बहुतेक वेळा पहिल्या तीन आठवड्यांत दिसते. फिनोबार्बिटल या फिटवरच्या औषधाचा यकृतावरचा परिणाम मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनी समोर येतो, म्हणून त्यात ठरावीक अंतराने रक्त तपासावं लागतं. "पहिल्या आठवड्यात काही झालं नाही, म्हणजे पचलं" असं धरून चालू नका.

स्टेरॉइडवर प्राणी खूप पाणी पितो, खूप शू करतो, सारखं खायला मागतो. हे अपेक्षित आहे. पाणी कमी करू नका, फिरायला जास्त वेळा न्या. फिनोबार्बिटल सुरू केल्यावर पहिले एक-दोन आठवडे चाल थोडी लडबडते, झोप जास्त येते. अँटिबायोटिकवर एखादी उलटी किंवा शी पातळ होणं हेही घडतं. फोन करून सांगा, पण घाबरून जाऊ नका.

खालच्यापैकी काहीही दिसलं तर मात्र सकाळ व्हायची वाट पाहू नका:

- काळी, चिकट शी, किंवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही
- हिरड्या पांढऱ्या, निळसर, तपकिरी किंवा पिवळ्या पडणं. डोळ्यांतला पांढरा भाग आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसणं
- तोंड, डोळे सुजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर एक मिनिटही थांबू नका
- फिट, सतत थरथर, अचानक तोल जाणं, डोळ्यांची बुबुळं सारखी हलणं. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक जास्त झालं तर मान कलते आणि बुबुळं अशीच हलतात
- शू एकदम बंद होणं किंवा खूप कमी होणं
- पुन्हा पुन्हा उलट्या, पाणीही पोटात न टिकणं

एक लक्षण या यादीत नाही, कारण ते फार शांतपणे येतं: खाण्याकडे पाठ फिरवणं. तिसऱ्या दिवशी चिंगी भांड्यापाशी गेली, हुंगलं, आणि तिथेच खाली बसली. जीभ दोनदा ओठांवरून फिरवली आणि हनुवटी जमिनीवर टेकवली. मला वाटलं, पाय दुखत असेल. ती मळमळ होती. पेनकिलरवर असलेल्या प्राण्याने एक वेळचं खाणं सोडलं, तरी पुढची गोळी देण्याआधी फोन करा. मांजर पूर्ण दिवस जेवलं नाही तर तोही फोनचा विषय आहे, कारण उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते.

६. थांबवायचं की चालू ठेवायचं

पेनकिलर: शंका आली की पुढचा डोस थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. एखादा डोस चुकला तर थोडी वेदना होईल, पण रक्त वाहणाऱ्या अल्सरवर आणखी एक गोळी जीवघेणी ठरू शकते. "दुखणं वाढलंय" म्हणून दुसरी पेनकिलर स्वतःहून देऊ नका. एका पेनकिलरवरून दुसरीवर जाताना डॉक्टर मध्ये काही दिवस मोकळे ठेवतात, बहुधा पाच ते सात.

अँटिबायोटिक: सूज, गांधी, धाप यांसारखी ॲलर्जीची चिन्हं असतील तर थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. नुसती पातळ शी असेल तर आधी फोन करा. कोर्स मध्येच सोडायचा निर्णय आपला नसतो.

फिटची औषधं: स्वतःहून कधीही थांबवू नका. फिनोबार्बिटल एकदम बंद केलं तर आधीपेक्षा जोरात फिट येतात, आणि एकामागून एक येत राहतात. गोळ्या संपण्याआधी आठवडाभर नवीन आणून ठेवा.

स्टेरॉइड: काही दिवसांहून जास्त चालू असेल तर डोस हळूहळू उतरवावा लागतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत असलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि ते अचानक थांबलं तर प्राणी गळून जातो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. पण काळी शी दिसली तर डोसची वेळ होण्याआधीच दवाखान्यात पोचा. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

ट्रायलोस्टेन हे कुशिंगच्या आजारावरचं (शरीर स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवतं तो आजार) औषध बरोबर उलटं आहे. प्राणी जेवत नसेल, उलट्या होत असतील, गळाठला असेल तर ट्रायलोस्टेनचा डोस थांबवून फोन करायचा असतो. स्टेरॉइड आणि ट्रायलोस्टेन यांत गल्लत करू नका, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

इन्शुलिन: प्राणी जेवला नाही तर नेहमीचा डोस तसाच टोचू नका, आधी विचारा. तो लडबडतोय, थरथरतोय, शुद्ध हरपत चालली आहे असं दिसलं तर ती साखर उतरण्याची लक्षणं आहेत. मध किंवा साखरेचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळा आणि निघा. घशात ओतू नका, ते फुप्फुसात जाईल.

काही औषधं दिल्यावर परत घेता येत नाहीत. फ्लुरालानरच्या एका चघळायच्या गोळीचा अंमल बारा आठवड्यांपर्यंत असतो, आणि चिंगीला दिलेल्या इंजेक्शनसारखी स्टेरॉइड कित्येक आठवडे शरीरात राहतात. अशा औषधासाठी "रोज घ्यायची गोळी मिळेल का, म्हणजे त्रास झाला तर थांबवता येईल?" असं विचारायला संकोच करू नका. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. अंगावर टाकायच्या थेंबांनी त्रास झाला असेल, आणि फिट किंवा जोराची थरथर नसेल, तर डॉक्टरांना विचारून भांडी घासायच्या पातळ साबणाने ते धुऊन टाकता येतात.

७. धावपळीच्या वेळी

रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आजच शोधून नंबर फोनमध्ये टाका. निघताना फोन करून सांगा: कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, शेवटचा डोस किती वाजता, प्राण्याचं वजन किती, काय दिसतंय. बरोबर औषधाची पट्टी किंवा बाटली, वहीचं पान, आणि शक्य असेल तर शी किंवा उलटी पिशवीत बांधून न्या. फिट किंवा थरथर असेल तर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबलेली असू शकते. मी तो डागाळलेला कागद नेला होता. डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरला आणि लगेच रक्त तपासायला घेतलं.

मीठ देऊन उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मिठानेच विषबाधा होते. दूध, तेल यांचाही उपयोग नाही. आपल्या घरातली ॲसिडिटीची गोळीही विचारल्याशिवाय देऊ नका.

८. त्यानंतर

त्रास कुठल्या घटकाने झाला ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ठेवा. चिंगीच्या फाइलवर दोन ओळी आहेत: घटकाचं नाव, आणि "स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर दिलं असता पोटात रक्तस्राव". प्राणी दुसऱ्या कुणाकडे राहायला ठेवलात तर त्या पानाची प्रत बरोबर द्या.

दुष्परिणाम झाल्याचं औषध बनवणाऱ्या कंपनीला आणि तुमच्या देशातल्या पशुऔषधांच्या नियामक संस्थेला कळवा. डॉक्टर कळवतील असं धरून चालू नका, त्यांना विचारा, आणि त्यांनी कळवलं नसेल तर तुम्ही कळवा. पिसवांच्या गोळ्यांबद्दलची २०१८ ची सूचना निघाली, त्यामागे अशा नोंदीही होत्या. कळवताना घटकाचं नाव, डोस, किती दिवस दिलं, बरोबर चालू असलेली औषधं, काय झालं आणि बॅच नंबर लागतो. बॅच नंबर बहुधा पट्टीच्या कडेला किंवा खोक्याच्या झाकणावर बारीक अक्षरात असतो, आणि आपण खोकं पहिल्याच दिवशी फेकून देतो. औषध संपेपर्यंत खोकं ठेवा. उरलेल्या गोळ्या दारावरच्या कुंडीत किंवा उघड्या कचऱ्यात टाकू नका, दवाखान्यात परत द्या. कुत्र्यांच्या पेनकिलरला मुद्दाम मांसाची चव लावलेली असते, आणि कुत्र्याला अशी बाटली सापडली तर ते ती फोडून सगळ्या गोळ्या एका दमात खातं.